आकडसासूला दिलेली गाय

यंदा राणी आपलीच! सिप्रियाँनं हे सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. पाद्रीबुवांना तर भर प्रार्थनेत सांगितलं!

आमच्या एराँस खोऱ्यातल्या गाई जूनमध्ये डोंगरावरच्या कुरणात चढतात आणि पहिल्याच सकाळी झुंजून आपापली पायरी ठरवतात. जी कुणापुढेच हटत नाही, ती राणी. गेली तीन वर्षं राणी होती ती सिप्रियाँच्या आकडसासूची, बायकोच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ओदीलची. आणि तीन वर्षं दर रविवारी जेवताना ओदील त्याला ऐकवत होती, "नुसतं गवत घालून राणी होत नाही, मेहुणे. थोडं डोकंही लागतं!"

यंदा मात्र सिप्रियाँकडे तिग्रेस होती. काळीकुळकुळीत, मान दाराच्या चौकटीएवढी, पहिल्यांदाच डोंगर चढणार. तिला तो वाइनमध्ये भिजवलेला पाव स्वतःच्या हातानं भरवायचा. शेण, दूध, पाणी ही किरकोळ कामं बायकोची, म्हणजे मार्तची.

त्यातच मार्चमध्ये ओदीलच्या राणीचं शिंग मोडलं. सिप्रियाँला इतका आनंद झाला की त्याचं मनच मोठं झालं! घरच्या दुधासाठी वर्षानुवर्षं खाली गावातच ठेवलेली म्हातारी गाय मिनेत त्यानं ओदीलला देऊन टाकली.

"फुकट?" मार्तनं विचारलं.

"फुकट! हरायला तरी तिच्याकडे काहीतरी हवं ना!"

मार्तनं तोंड उघडलं आणि मिटलं.

ती सकाळ उजाडली. काय ती तिग्रेस! पहिलीला ढकललं, दुसरीला पळवलं, सहावी तर तिला बघूनच वळली. सिप्रियाँ कुंपणावर चढून नाचत होता. "बघा ओदीलताई! बघून घ्या!"

ओदील कुंपणाजवळच्या बाकावर, सिप्रियाँनं काढून ठेवलेल्या टोपीशेजारी बसून शांतपणे चीज खात होती. मिनेत एका कोपऱ्यात चरत होती. सगळ्यांना लोळवून तिग्रेस फुरफुरत तिच्याकडे निघाली. मिनेतनं डोकं वर केलं. नुसतं पाहिलं.

तिग्रेस थबकली, मान खाली घातली आणि बाजूला झाली. चरायची जागासुद्धा सोडली!

"अगं शिंग लाव! शिंग लाव!" सिप्रियाँ ओरडला. तिग्रेसनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"राणी मिनेत!" गुराख्यांचा म्होरक्या गरजला. सगळं कुरण हसायला लागलं. ज्याला त्याला सिप्रियाँच्या दानशूरपणाचं कौतुक!

"गोठ्यात पहिल्यापासून असंच आहे," मार्त हळूच म्हणाली. "मिनेतचं पिऊन झाल्याशिवाय तिग्रेस पाण्याला तोंड लावत नाही."

"अगं मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"ताईला बोलले होते. ती म्हणाली, त्याला सांगायचं नाही." मार्तनं खांदे उडवले. "ताईपुढे मी काय बोलणार?"

सिप्रियाँचं डोकं फिरलं! तो तरातरा ओदीलकडे गेला. आज हिला चार शब्द सुनावायचेच! ओदीलनं डोकं वर केलं. नुसतं पाहिलं.

"अभिनंदन, ताई," सिप्रियाँ म्हणाला आणि तिला बाकावर ऐसपैस बसता यावं म्हणून आपली टोपी उचलून घेतली.