चौथ्या मिनिटाचा खड्डा

पहिला नंबर कुणाचा येणार, हे मास्तरांनी हंगाम सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. तेसुद्धा दाढी करता करता!

“या वेळी आपलाच!” अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते बायकोला म्हणाले. “गेल्या वर्षी नवखे होतो. आता पोरं वाट बघतायत.”

“अहो, आधी दुसरा गाल करा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर अर्धाच नंबर यायचा.”

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून बसून ते बायकोलाच गुरुत्वाकर्षण शिकवायला लागले, तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी देवासारखी धावून आली. ती एका छोट्या वाहिनीवर दिग्दर्शिका होती. तिने सरांना मुलांसाठी ‘करून बघू या’ नावाचा कार्यक्रम दिला. दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास. एक टेबल, एक बादली, घरातली भांडी आणि मास्तर! पहिलं वर्ष बरं गेलं. आणि आता कार्यक्रम नव्या हंगामात पुन्हा येत होता.

नवा हंगाम म्हणजे टीव्हीवाल्यांची वार्षिक परीक्षाच! सगळ्या नव्या-जुन्या कार्यक्रमांनी एकदम पाण्यात उडी मारायची आणि कोण तरंगतं ते काठावरून बघायचं. मास्तरांच्या वाहिनीने या वेळी एक दणदणीत नवी मालिका आणली होती. ‘सात कुलपांचा बंगला’! तिच्यातल्या नायिकेच्या एका साडीत मास्तरांच्या कार्यक्रमाचं अख्खं वर्ष निघालं असतं. ही मालिका ‘करून बघू या’ संपल्या संपल्या लागणार होती.

वाहिनीच्या मोठ्या साहेबांचा हिशोब साधा होता. “मुलं मास्तरांना बघायला बसणार. मुलं बसली की आया बसणार. आया बसल्या की बंगला उघडणार! फक्त एक करा मास्तर. तुमचा तो प्रयोग शेवटी असतो, तो सुरुवातीला घ्या. मजा आधी, माहिती नंतर. शेवटपर्यंत थांबायला हल्ली कुणाला वेळ आहे?”

मास्तरांना ते पटलं. भूक लागलेल्या पोराला आधी वाढावं, मग विचारावं, हे त्यांनी चाळीस वर्षं पाळलेलं तत्त्व होतं.

पहिला भाग झाला. साध्या पाण्यात बुडालेलं अंडं मिठाच्या पाण्यात तरंगलं. मास्तरांनी तो भाग घरी बायकोबरोबर बघितला.

“कसा झाला?”

“सदरा छान दिसतोय. तरी म्हटलं होतं, निळाच घाला.”

“अगं, अंडं कसं वाटलं?”

“अंड्याचा रंग साधाच होता.”

गुरुवारी आकडे आले. आकडे सांगायला वाहिनीत एक तरतरीत मुलगी होती, सगळे तिला आकडेताई म्हणत. हे आकडे येतात कुठून, हे मास्तरांना पहिल्यांदा तिनेच समजावलं होतं. “सर, डॉक्टर सगळं रक्त काढत नाहीत ना? एक थेंब बघतात. तशा आम्ही काही घरांमध्ये पेट्या बसवल्यात. टीव्ही चालू आहे की बंद आणि कुठली वाहिनी लागलीय, एवढं पेटी आम्हाला कळवते. तिला कान-डोळे नाहीत.” या उत्तरावर मास्तर इतके खूश झाले होते, की त्यांनी तिला वर्गात असल्यासारखं “शाब्बास! बस खाली,” म्हटलं होतं. ती उभी राहूनच बोलायची, म्हणून तिला खाली बसायला खुर्ची शोधावी लागली.

आज मात्र आकडेताईचा चेहरा उतरला होता. तिने भिंतीवर आलेख लावला. रेघ सुरुवातीला ऐटीत वर चढत होती. गेल्या वर्षीचे सगळे प्रेक्षक परतले होते, शिवाय नवेही आले होते. आणि चौथ्या मिनिटाला? धप्प! कुणीतरी गच्चीवरून ढकलून दिल्यासारखी रेघ सरळ खाली!

“हा खड्डा कसला?” साहेबांनी विचारलं.

“चौथ्या मिनिटाला लोक जातात, सर.”

“कुठे जातात?”

“तेच तर! दुसऱ्या कुठल्याच वाहिनीवर जात नाहीत. टीव्हीच बंद करतात.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खड्डा तिथेच होता.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “लोक कंटाळले तर वाहिनी बदलतात. तुम्हाला बघून त्यांचा टीव्हीवरचाच विश्वास उडालाय! आणि पुढे माझा बंगला आहे. बंद टीव्हीत तो उघडणार कसा?”

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. चाळीस वर्षांत त्यांच्या तासाला एक पोरगं उठून गेलं नव्हतं. इथे घरंच्या घरं उठून चालली होती!

“सर, पहिला आठवडा फसवा असतो,” आकडेताईने धीर दिला. “नवं दुकान उघडलं की सगळेच डोकावतात. जुन्या दुकानात ओळखीचे येतात. टिकतं कोण, ते तीन-चार आठवड्यांनी कळतं.”

“तेवढीच मुदत आहे,” साहेब म्हणाले. “खड्डा बुजवा. नाहीतर चौथ्या आठवड्यानंतर मास्तरांची बादली घरी!”

दिग्दर्शिका कंबर कसून कामाला लागली. कार्यक्रम बंद पडला तर तीही बाहेर, हे तिला माहीत होतं, पण सरांसमोर तिने ते तोंडातून काढलं नाही. “सर, थोडा जोर आणू या.” ढोल आले. रंगीत दिवे आले. आणि एक अस्वल आलं! म्हणजे वाहिनीच्या दारावरचे पहारेकरी काकाच, पण अस्वलाच्या पोशाखात. पोट त्यांचं स्वतःचं होतं, भरण लागलंच नाही. मास्तर म्हणतील ते अस्वलाने हातवारे करून दाखवायचं. काकांनी जीव तोडून काम केलं. मास्तर “उठा!” म्हणाले की अस्वल टुणकन उडी मारायचं आणि हवेत खटकन बटण दाबायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

गुरुवारी आकडे आले. खड्ड्याची विहीर झाली होती.

“अस्वलामुळे वाढला!” साहेब ओरडले. “अस्वलाला बघून पोरं घाबरली असतील!”

“घाबरली नाहीत हो,” काका दुखावले. “आमच्या गल्लीतली पोरं मला टीव्हीवर बघून आनंदाने स्वयंपाकघरात पळाली, ती बाहेरच येईनात.”

त्यातून ‘बंगल्या’चे आकडेही घसरले होते. सात कुलपांचा बंगला पहिल्याच कुलपात अडकला! आता तर नायिकासुद्धा मास्तरांकडे अशी बघायची, की जणू मास्तरांनी तिच्या साडीवर मिठाचं पाणी सांडलंय.

त्या दिवशी मास्तर घरी आले ते जेवलेच नाहीत नीट.

“काय गं, मी कंटाळवाणा झालोय का?”

बाईंनी जरा विचार केला. “घरी होता कधीकधी. पण मुलांसमोर? मुलांसमोर तुम्ही तसे नाही हो. मुलं दिसली की तुमचे कानसुद्धा पुढे येतात.”

तिसऱ्या शनिवारी साहेबांनी निकाल लावायचा ठरवला. “माझ्या घरी या. माझी जुळी नातवंडं आहेत. ती टीव्हीसमोर कधी धड बसत नाहीत, कशाचंच कौतुक नाही त्यांना. ती बसून राहिली तर कार्यक्रम चालू. उठली तर बंद. कबूल?”

“कबूल,” मास्तर म्हणाले. आवाज मात्र त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

साहेबांच्या दिवाणखान्यात मास्तर, दिग्दर्शिका आणि आकडेताई एका ओळीत बसले, दवाखान्यात बसतात तसे. जुळी बहीणभावंडं समोर, सतरंजीवर. कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावरच्या मास्तरांनी काठोकाठ पाणी भरलेला पेला उचलला, त्यावर जाड कागद ठेवला, पेला उलटा केला आणि कागदाखालचा हात काढून घेतला. पाणी पडेना!

मुलांची तोंडं उघडी पडली. नात पुढे सरकत सरकत पडद्याला नाक लावण्याच्या बेतात आली. नातू बोटाने कान कोरत होता, ते बोट कानातच राहिलं. मास्तरांनी दिग्दर्शिकेकडे बघितलं. दिग्दर्शिकेने श्वास रोखला. साहेबसुद्धा पुढे झुकले होते. जिंकलो!

आणि पडद्यावरचे मास्तर हसून म्हणाले, “काय, नुसतं बघत काय बसलात? चला! टीव्ही बंद करा, उठा आणि करून बघा!”

खट्!

पडदा काळा. सतरंजी रिकामी. स्वयंपाकघरातून भांडी कोसळल्याचा आवाज.

“बघितलंत?” साहेब ताडकन उठले. “उठली! चौथं मिनिट! संपलं, मास्तर!”

मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात मुलं परत आली. नातीच्या हातात पाण्याचा पेला होता आणि नातवाच्या हातात ‘सात कुलपांचा बंगला’च्या उद्घाटनाचं गुळगुळीत निमंत्रणपत्र.

“आजोबा, हलायचं नाही हं!”

“अरे, अरे, काय करताय?”

“प्रयोग!” म्हणून नातीने खुर्चीवर चढून साहेबांच्या टकलावर पेला उलटा धरला, आणि हात काढला. पाणी पडलं नाही! निमंत्रणपत्रावरची नायिका साहेबांच्या डोक्यावर उलटी लटकून हसत राहिली.

“पडत नाही?” साहेबांनी डोळे वर केले. “खरंच पडत नाही? बघू! मला दे, मला!”

पेला साहेबांनी घेतला. स्वतःच स्वतःच्या डोक्यावर उलटा धरला. आणि आनंदाच्या भरात मान वर करून बघितलं. कागदाला नाक लागलं!

साहेबांचा चष्मा, शर्ट, सतरंजी, सगळं ओलंचिंब. मुलं टाळ्या पिटत नाचायला लागली. मास्तर धावले. “अरे, हे बेसिनवर धरून करायचं! पुढच्याच वाक्यात सांगितलंय मी!”

“पुढचं वाक्य?” नातू म्हणाला. “पण तुम्हीच टीव्ही बंद करा म्हणालात.”

साहेबांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं.

“सर,” दिग्दर्शिका खोल आवाजात म्हणाली, “तुम्ही काय म्हणालात?”

“मी? मी नेहमीचंच म्हणालो. शाळेत म्हणायचो ना, पुस्तक मिटा, उठा, करून बघा. इथे पुस्तक नाही, म्हणून...”

दिग्दर्शिकेने डोक्याला हात लावला. चौथीत असल्यापासून ते वाक्य तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की कानावर पडूनही तिला ते ऐकू येत नव्हतं! गेल्या वर्षी प्रयोग शेवटी असायचा. तेव्हा मुलांनी टीव्ही बंद केला तरी कार्यक्रम संपलेलाच असे. या वर्षी प्रयोग पुढे आला, त्याच्याबरोबर वाक्यही पुढे आलं!

“आणि प्रयोग पुढे आणायला सांगितलं कुणी?” आकडेताईने अगदी निरागसपणे विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. पुसायला कोरडं काहीच नव्हतं.

“मास्तर,” ओला चष्माच लावत ते म्हणाले, “माझ्या मालिकेतली माणसं रोज रडून सांगतात, थांबा, जाऊ नका. कुणी ऐकत नाही. तुम्ही एकदा उठा म्हणालात, आणि घरोघर मुलं उठली! असलं वजन मी कुठल्याच नटात बघितलं नाही.” मग डोकं पुसत ते घाईने म्हणाले, “आता ते वजन जरा माझ्या बाजूने टाका. टीव्ही बंद करा, एवढे तीन शब्द गाळा!”

“पण मुलांना उठू नका असं मी नाही सांगणार,” मास्तर ठाम होते. “बसून विज्ञान होत नाही.”

“सर, असं म्हणा,” दिग्दर्शिकेने मधला मार्ग काढला. “टीव्ही चालू राहू दे, उठा आणि करून बघा.”

चौथ्या आठवड्यात तसं झालं. शनिवारनंतरच्या गुरुवारी आकडेताई जिना चढून धावतच आली. खड्डा नाही! रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ, पार ‘बंगल्या’पर्यंत! ‘करून बघू या’ पहिला. ‘सात कुलपांचा बंगला’ दुसरा. साहेबांनी मास्तरांना मिठी मारली, नायिकेने फुलं दिली, अस्वलाने उडी मारली.

पुढच्या शनिवारी मुलांच्या आग्रहावरून उलट्या पेल्याचाच प्रयोग पुन्हा होता. त्या संध्याकाळी मास्तर मुद्दाम चालत घरी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून त्यांचाच आवाज येत होता! मास्तरांची छाती फुगली. कार्यक्रम संपत आला तरी आवाज कुठे थांबला नव्हता. त्यांनी एका खिडकीतून सहज आत डोकावलं. टीव्हीवर मास्तर तळमळीने हवेचा दाब समजावत होते. समोर सोफा रिकामा. दुसऱ्या घरात डोकावलं. मास्तर बोलतायत, समोर एक मांजर झोपलंय. तिसऱ्या घरात मांजरही नाही!

आणि मुलं? मुलं पायऱ्यांवर होती, नळाखाली होती, बादल्यांभोवती होती. नखशिखान्त भिजलेली! “माझं पडलं नाही!” “माझं बघ, माझं!” नुसता कल्ला! एका आईच्या हातातसुद्धा उलटा पेला होता.

मास्तर रस्त्यातच थांबले. पेटीला कान-डोळे नसतात, हे त्यांना आठवलं. हसावं की आकडेताईला सांगावं, ते त्यांना कळेना. मग ते हसलेच.

घरी आले तर दार उघडं. टीव्हीवर निळ्या सदऱ्यातले मास्तर एकटेच निरोप घेत होते. बाई मागच्या अंगणात शेजारची चार पोरं घेऊन उभ्या होत्या, पदर खोचलेला, पेला उलटा, चेहरा पाण्याने चमकणारा.

“अहो, पडत नाही हो खरंच!” त्या ओरडल्या. मास्तरांच्या प्रयोगावर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मग त्यांना आतला आवाज ऐकू आला. “अगंबाई, तुम्ही आत अजून बोलताच आहात? बंद करून येऊ का तुम्हाला?”

“नको, नको!” मास्तर घाईघाईने बाह्या सारत म्हणाले. “राहू दे चालू. आत्ताच कुठे पहिला आलोय! तो दुसरा पेला दे इकडे.”