जिन्याखालच्या मोटारसायकलीच्या टाकीची हकिकत

वाचणारांनी चित्त स्थिर करावे. पुढे कोणी पुसेल, फायबरची टाकी घरी होते काय? म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे न घालिता, लिहोन ठेविले.

राजश्री गणिताचे मास्तर यांजपाशी तीर्थरूपांची मोटारसायकल होती, आणि तिची पेट्रोलची टाकी गंजोन चाळण जाहली, आणि तैसी टाकी बाजारी मिळेना, आणि गाडी दोन वर्षे जिन्याखाली धूळ खात पडली. मग मास्तरांचे कुटुंब, खासा बाईसाहेब, यांणी फर्मान काढिले की, रविवारी दुपारी बाराचे आत गाडी सुरू न जाहल्यास भंगारवाल्याचे हवाली होईल. रडगाणे ऐकिले जाणार नाही.

मास्तर जिन्याखाली जावोन टाकीवरील धूळ झटको लागले. याच टाकीवर बसवोन तीर्थरूप त्यांस शाळेत सोडीत. मग मसलत जाहली (मसलतीस एकटे मास्तरच हजर), आणि थर्माकोल कोरोन टाकीचा घाट केला, आणि त्यावर काचेचे कापड पसरिले, आणि रेझिन, म्हणजे सुकोन कठीण होणारा चिकट द्रव, कालवावयास मोठे पातेले न पुसता उचलिले, आणि बाल्कनीत मोर्चा लावोन पहिला हात मारिला. तों रेझिनाने थर्माकोलच खाल्ले! टाकीचे पोट खपाटीस गेले, मग कुशी बसल्या, जणू उशीवर म्हैस बसली. मास्तर फडक्याने रेझिन पुसो लागले, तितक्यात पातेल्यातील रेझिनही ब्रशासह दगड जाहले.

वासाचा माग काढीत बाईसाहेब दाखल जाहल्या.

“अहो, हे माझं पातेलं ना?”

“होतं,” मास्तर वदले.

बाईसाहेबांनी रणभूमी न्याहाळिली.

“वर्गात वहीला कव्हर नसलं की पोरांना बाकावर उभं करता. आणि या थर्माकोलला साधी चिकटपट्टी गुंडाळायचं सुचलं नाही? रेझिन आत शिरलंच नसतं!”

मास्तर चिकटपट्टी आणावयास धावले. मग नवे थर्माकोल कोरिले, आणि उभयतांनी तसूभर जागा न सोडिता चिकटपट्टी गुंडाळिली, आणि वर कापड, वर रेझिन, ऐसे चार थर चढवोन रात्रभर वाळत ठेविले. टाकी दगडासारखी जाहली. मग रविवारी सकाळी टाकीच्या तोंडातून पेट्रोल ओतिले, तों आतले थर्माकोल विरघळोन वाहोन गेले. काल ज्या खोडीने घात केला, तीच आज चाकरीस लागली. मग धुवोन, गाळोन, टाकी गाडीवर चढविली.

बारास दहा कमी असता भंगारवाला तराजू घेवोन आला. मास्तरांनी किकवर किक मारिली. गाडी ढिम्म.

“साहेब, गिअर टाका, मी ढकलतो.”

“अरे, सुरू झाली तर तुझंच नुकसान!”

“होऊ द्या. हे धूड उचलायचं कोणी?”

धक्का बसला, आणि गाडी खोकली, आणि गरजली! बाईसाहेब पदर खोचोन मागे आरूढ जाहल्या, आणि स्वारी गल्लीस वळसा घालोन बाराचे आत परतली. टाकी थेंबभर गळली नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपले बाजूचे एक पातेले कामी आले. आत ब्रश निशाणासारखा ताठ उभा, ते भंगारवाल्याने मानाने नेले. आणि सोमवारपासोन मास्तरांचे वर्गी वहीस कव्हर नसल्याची शिक्षा माफ, हे कलम बाईसाहेबांचे हुकुमाने कायम जाहले.