आधी नाव, मग एरंडेल

निपाणीच्या त्या दवाखान्यात सकाळची औषधं वाटायला पूर्वी पाव तास पुरायचा. आता दीड तासही पुरेना, कारण बायकांच्या बारा खाटांच्या वॉर्डात प्रत्येक डोसाला एक उखाणा लागत होता.

हे सगळं यशोदाबाईंमुळं झालं. मिरजेहून शिकून आलेल्या ह्या नर्सबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी एक नियम केला. पेशंटनं आपल्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, ते खाटेला बांधलेल्या पुठ्ठ्याशी जुळवून बघायचं आणि जुळलं तरच चमचा पुढं करायचा. त्याआधी अठरा वर्षं जिनाप्पा कंपौंडर तोंड बघून औषध देत आला होता. आपल्या हातून कधी चूक झाली नाही, असं तो सांगे. चूक झाली असती तर ती कळली कशी असती, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलंच, आणि ते सरळ घेणार कोण? पहिल्या दिवशी पहिल्याच खाटेवरची मालुबाई हबकली. "तसं कसं घ्यायचं वो बाई? मी काय कोर्टात उभी हाय?" असं म्हणून तिनं जरा विचार केला. मग उठून बसली, डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला आणि म्हणाली,

"चिकोडीच्या वाटंला वडाची सावली,
मष्णूरावांचं नाव घेता कडू पुडी घशात मावली."

वॉर्ड खुदकन हसला. मग शेजारची कशी मागं राहील? दुसऱ्या दिवसापासून कालचाच उखाणा परत घेणं कमीपणाचं ठरलं. दुपारच्या डोसाची जुळवाजुळव सकाळपासून चाले. कण्हणं थांबवून बायका यमक शोधू लागल्या. विड्या वळायला निघालेल्या पोरी सुपं काखेत धरून खिडकीशी थांबू लागल्या आणि एखादीचं यमक अडलं की बाहेरून पुरवू लागल्या. "बाई, तुमी कवा घेणार नाव?" असं त्या यशोदाबाईंनाही विचारत. "मी कुठं पेशंट आहे?" म्हणत यशोदाबाई पुढच्या खाटेकडं सरकत. त्यांचे यजमान पलटणीबरोबर समुद्रापार गेले त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत ते नाव त्यांच्या ओठावर आलं नव्हतं. पत्राच्या पाकिटावर मात्र त्या ते फार सावकाश लिहीत.

आजचा दिवस मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चिकोडीहून मोठे डॉक्टर येणार होते आणि औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडं राहायची ते ठरणार होतं. एवढे दिवस ती जिनाप्पाच्या करगोट्याला असायची, आणि ऐन गरजेला जिनाप्पा कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेलेला असायचा. डॉक्टरांनी यशोदाबाईंना सांगून ठेवलं होतं की दहाच्या आत सगळी औषधं दिलेली दिसली आणि चूक सापडली नाही, तर किल्ली त्यांची.

नऊ वाजता त्या सातव्या खाटेशी आल्या आणि तिथं गाडी अडली.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला दोन रुक्माबाई एकदमच दाखल झाल्या होत्या. सातव्या खाटेच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : रुक्माबाई, नवरा रवळू, पोटदुखी, सकाळी दोन औंस एरंडेल. बाराव्या खाटेच्या पुठ्ठ्यावर होतं : रुक्माबाई, नवरा भावकू, हिवताप, चौथा महिना. सातव्या खाटेवरची बाई घोंगडं पांघरून भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"नाव सांग गं."

"रुक्मा."

"पूर्ण."

"पुढचं न्हाय घ्यायची मी. काल येतो म्हणून गेल्यात, अजून पत्त्या न्हाय. आज त्येंचं नाव माज्या तोंडात यायचं न्हाय."

यशोदाबाईंनी समजावलं, दटावलं. मालुबाईनं आपल्याकडचा एक तयार उखाणा देऊ केला. खिडकीतल्या पोरींनी तीन देऊ केले. रुक्माबाई रुसली ती रुसलीच.

जिनाप्पा दारात उभा राहून सगळं बघत होता. "बाई, खाट सातवी हाय, पुठ्ठ्यावर रुक्मा हाय, तिनं रुक्मा म्हणून सांगितलंय. आनि काय पायजे? नाक धरा आनि वता."

एरंडेलाचा पेला यशोदाबाईंच्या हातात होता. घड्याळात सव्वानऊ झाले होते. ओतलं असतं तर किल्ली जवळजवळ कमरेला आलीच होती. त्यांनी पेला खाली ठेवला आणि आण्णाप्पा शिपायाला व्हरांड्यात नेऊन हळूच सांगितलं की सातव्या खाटेच्या पुठ्ठ्यावरचा रवळू असेल तिथून घेऊन ये, त्याची बायको रुसली आहे म्हणावं.

तोवर त्यांनी आठव्यापासून अकराव्या खाटेपर्यंतची औषधं उरकून घेतली. रवळू तंबाखूच्या वखारीत सापडला. बायको रुसलीय एवढंच त्याला कळलं. कशावरून, ते आण्णाप्पालाही ठाऊक नव्हतं. वाटेत त्यानं दोन केळी घेतली. बायकांच्या वॉर्डात मान वर करायची नाही म्हणून फरशीकडं बघत, आण्णाप्पाच्या टाचांमागून तो सातव्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि केळी घोंगड्यावर ठेवली.

"रुक्मे, चुकलं माजं," तो म्हणाला.

घोंगडं हललं नाही.

कुठल्या चुकीवरून रुसलीय हे माहीत नसल्यामुळं बिचाऱ्यानं सगळ्याच सांगायला घेतल्या. शिमग्याला तमाशाला गेलतो. दुकानदार लुगडं बदलून देत न्हाय म्हणालतो ते खोटं, ते बदलायला मीच इसरलो. बायका उखाणे विसरून कान टवकारून बसल्या. खाटेवरून अजून उत्तर नाही म्हटल्यावर रवळूनं मोठा श्वास घेतला.

"आनि तुज्या आईनं दिलेली तांबडी कोंबडी... ती मुंगसानं न्हेली न्हाय. आमी चौघांनी जत्रंत खाल्ली."

घोंगडं बाजूला झालं. आतल्या बाईनं केळ्यांकडं बघितलं, मग रवळूकडं.

"ह्यो बाबा कोण?" तिनं यशोदाबाईंना विचारलं.

आणि पार दाराशी, बाराव्या खाटेवरून आवाज आला, "मुंगूस म्हणालतासा. माज्या गळ्याची आण घेऊन मुंगूस म्हणालतासा."

रवळूनं पहिल्यांदा मान वर केली. एक रुक्मा समोर होती, अनोळखी. दुसरी दाराशी कंबरेला पदर खोचून उभी होती, आणि ती त्याच्या पुरेपूर ओळखीची होती.

यशोदाबाईंनी मनुबाई आयाकडं बघितलं. मनुबाईनं सांगून टाकलं. दाराशी वारं लागतं, थंडी वाजतीय म्हणून हिवतापवाल्या रुक्मानं रात्री खाट बदलून मागितली. दुसरीनं पाठच्या बहिणीगत दिली. पुठ्ठे कशाला हलवायचे, खाटा तर जागच्या जागीच होत्या.

यशोदाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. चौथा महिना, अंगात ताप आणि वर दोन औंस एरंडेल; पोटातलं मूल जायला तेवढं पुरलं असतं. पेल्याकडं बघवेना. जिनाप्पाही त्या पेल्याकडंच बघत होता. "अठरा वर्षं..." तो पुटपुटला.

भावकूच्या रुक्माबाईचा रुसवा मात्र पातळ झाला होता. न आलेला नवरा बरा, जत्रेत कोंबडी खाणारा नको, असा काहीसा हिशेब तिनं मनात केला असावा. ती आपणहून उठून बसली.

"निपाणीच्या पेठंत तंबाखूच्या राशी,
भावकूरावांचं नाव घेते, बसलीया मी उपाशी."

तिला तिचं तापाचं औषध मिळालं आणि वर रवळूची दोन केळी. आता एरंडेल तेवढं उरलं. पण आता रवळूची रुक्मा नाव घ्यायला तयार नव्हती. पावणेदहा झाले. दहाला पाच कमी झाले. रवळू दाराबाहेर उकिडवा बसून कानाची पाळी ओढत होता. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले आणि काय गडबड आहे म्हणून विचारू लागले.

कुणी काही सांगायच्या आत रुक्माबाईनं पेला स्वतःच उचलला.

"कोंबडी खाल्ली कुणी, मुंगसावर आळ,
रवळूरावांचं नाव घेते, त्यांस्नीबी पाजा सकाळ-संध्याकाळ."

आणि एका दमात एरंडेल पिऊन टाकलं.

हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, तीही जिनाप्पाच्या तोंडून, आणि जिनाप्पानं त्यात काही चोरलं नाही. उद्यापासून पुठ्ठा खाटेला न बांधता माणसाच्या मनगटाला बांधायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला. जिनाप्पानं ती करगोट्यातून सोडवली आणि डॉक्टरांच्या हातावर न ठेवता थेट यशोदाबाईंच्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

मग त्यानं किल्लीची वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "पूर्ण नाव सांगा, बाई. नेम तुमचाच हाय."

बारा खाटा उठून बसल्या. खिडकीत सुपं दाटली. यशोदाबाईंनी डॉक्टरांकडं बघितलं, तर डॉक्टर छतातल्या कौलांचं निरीक्षण करत होते. त्यांनी पदर सारखा केला.

"समुद्रापार पलटण, बिगुल वाजे पहाटे,
परशरामरावांचं नाव घेता घर दोन पावलांवर वाटे."

कुणी हसलं नाही. जिनाप्पानं टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"औषधाच्या कपाटाचं काम हाय," तो म्हणाला. "चुकायला नको. परत एकदा म्हणा."

नाव त्याच्या वहीत उतरलं होतं, हे यशोदाबाईंना दिसत होतं. तरी त्यांनी परत एकदा म्हटलं, ह्या वेळी जरा सावकाश.