पार्वोचा चोर आणि बिटाचा गुलाल

चोर पकडावा तर मीच! तळोज्याच्या केमिकल कंपनीत मी अख्खी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. माझ्या नजरेतून सुटून एक गढूळ थेंब गेटबाहेर गेला नाही. कंपनीत मला सगळे 'गाळणी' म्हणायचे. प्रेमानेच म्हणत असावेत.

रिटायर झालो आणि घरात लक्ष घातलं. उज्वला, म्हणजे आमची ही, चहा गाळायला लागली की मी मागे उभा. डाळीचा डबा उघडला की मी हजर. शेवटी तिने मला रबाळ्याला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या प्राणी-निवाऱ्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टर श्रुतीला म्हणाली, "यांना काहीतरी काम द्या हो. बिनपगारी दिलं तरी चालेल!" लोक तिथे कुत्री सोडून जातात. हिने नवरा सोडला.

पण डॉक्टरला माणसाची पारख होती. निवाऱ्यात तेव्हा पार्वो शिरला होता. पार्वो म्हणजे पिल्लांचा काळच! उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि काल उड्या मारणारं पिल्लू आज पोछ्यासारखं निपचित. विषाणू एवढा चिवट की बुटाला, हाताला, भांड्याला, कशालाही चिकटून पुढच्या पिल्लापर्यंत पोचतो. म्हणून दोन वॉर्ड वेगळे केले होते. पलीकडे आजारी, अलीकडे धडधाकट.

"काका, हा आजार अलीकडे येता कामा नये. एवढं तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाली.

बघा? अहो, मी तर दरारा बसवला! आजारी वॉर्डातून बाहेर पडताना गाऊन तिथेच काढायचा, बूट ब्लीचच्या ट्रेमध्ये बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. नियम मलाही लागू. मी दोन्ही वॉर्डांत रोज फेरी मारायचो, गळ्यातल्या टॉर्चने एकेका पिल्लाचा ओठ उचलून हिरड्या तपासायचो. कंपनीच्या बाटल्या नसल्या म्हणून काय झालं, तपासणी ती तपासणी!

आणि तरीही अलीकडच्या वॉर्डातला चिकू आजारी पडला.

चिकू म्हणजे निवाऱ्याचा लाडका. एक कान उभा, एक आडवा. वाशीच्या एका कुटुंबाने त्याला पसंत केलं होतं, रविवारच्या दत्तक-शिबिरातून तो त्यांच्या घरी जायचा होता. सकाळी त्याने पेजेला तोंड लावलं नाही, दुपारी उलटी केली. डॉक्टरने टेस्ट केली. पार्वो! त्याला पलीकडे हलवून सलाईन लावलं. शिबिर रद्द. त्याच्या शेजारची सगळी पिल्लं नजरकैदेत.

"कोणीतरी इकडून तिकडे घेऊन आलंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली.

कोणीतरी! त्या क्षणापासून मला एकही चेहरा सरळ दिसेना. स्वयंपाक आणि झाडलोट बघणाऱ्या राजाबाई. त्या सारख्या पदराला हात का पुसतात? व्हॅन चालवणारा सनी. तो शिट्टी वाजवत का फिरतो? निर्दोष माणूस शिट्टी वाजवतो का? खुद्द डॉक्टरच्या स्टेथोस्कोपकडेही मी तिरका बघायला लागलो.

मग मला युक्ती सुचली. उज्वलाने होळीला बिटाचा रस मक्याच्या पिठात मुरवून गुलाल केला होता. त्यातला उरलेला मी डब्यात भरला. पिल्लांनी चाटला तरी पोटाला धोका नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी निवाऱ्यात पोचलो. आजारी वॉर्डाच्या कड्यांवर, कठड्यावर, उंबऱ्यावर गुलाल भुरभुरवला, तिथली रोजची फेरी उरकली. गाऊन काढला, बूट बुडवले, हात धुतले. आता जो तिथली घाण बाहेर आणील, त्याच्या अंगावर गुलाबी शिक्का!

मी दबा धरून बसलो. दहाच्या चहाला सगळे जमले तसा उठलो.

"राजाबाई, हात पुढे करा!"

"आवं सायेब, हात कशाला? म्या काय चोरी केली व्हय?"

"करा म्हणतो ना!" मी टॉर्चच्या टोकाने त्यांचा तळवा उलटा केला. आणि काय! तळव्यावर गुलाबी पट्टा!

"अगं आयाऽऽ!" राजाबाई किंचाळल्या. "आत्ता तर साबनानं धुतल्यात! ही करनी हाय कुनाची तरी!"

"करणी नाही, पुरावा आहे! सनी, मान वर!"

"ओ काका, सकाळ सकाळ काय टेन्शन देता राव..."

"मान वर!" हनुवटीखाली टॉर्च लावून मी त्याची मान वर केली. हनुवटी गुलाबी!

"मी तर तिकडे गेलोच नाय! आत्ता व्हॅन लावली. हे बघा, चावी पण हातात हाय!"

"तरी मला वाटतच हुतं," राजाबाई उसळल्या. "ह्योच जातुया चोरून चिकूला बघायला!"

"मी? तुमीच तिकडची भांडी इकडे आणता!"

दोघांची अशी जुंपली की पिल्लांनी भुंकायचं थांबवलं! मी कपाळाला टॉर्च टेकवून विचार करत होतो. दोन गुन्हेगार? की पूर्ण टोळी? तेवढ्यात डॉक्टर आली. तिच्या स्टेथोस्कोपकडे मी टॉर्च रोखला, जरासा टेकला, आणि तोही गुलाबी!

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

 डॉक्टर माझ्या कपाळाकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, तुम्ही पिल्लांच्या हिरड्या कशा तपासता ते दाखवा बरं. पिल्लाऐवजी या रुमालावर."

तिने स्वतःचा रुमाल समोर धरला. मी टॉर्चचं टोक रोजच्यासारखं त्याच्या कडेखाली घालून वर उचललं.

रुमाल गुलाबी.

 सनीचं हसू हनुवटीपाशी येऊन थांबलं, कारण डॉक्टर हसत नव्हती.

"बूट बुडवलेत, हात धुतलेत," ती म्हणाली. "आणि हा?"

"टॉर्च... टॉर्चला कुठे पाय असतात हो!"

बोलून गेलो आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. आजारी पिल्लाच्या ओठाखालून चिकूच्या ओठाखाली. रोज. माझ्या हाताने!  मी म्हणालो, "डॉक्टर, मी जातो. परत येत नाही."

"जाता कुठे? आधी जिथे जिथे टॉर्च लावलात ते सगळं ब्लीचने पुसा!"

राजाबाईंनी बादली आणून दिली. सनीने मुकाट्याने दुसरं फडकं घेतलं. दिवसभर मी कड्या, कठडे, फरशा पुसत राहिलो आणि मधून मधून काचेतून चिकूकडे बघत राहिलो. तो हलत नव्हता. संध्याकाळी डॉक्टरने हाक मारली. चिकूने मान उचलली होती. वाटीतल्या पाण्याला त्याने जीभ लावली. एकदा. मग परत.

"अजून धोका टळलेला नाही," डॉक्टर म्हणाली. पण पहिल्यांदाच हसली. राजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही लावला असता, पण शर्टाला पदर नसतो.

निघताना कपडे बदलले, तोंड साबणाने खसाखसा धुतलं. जंतू गेले. बीट गेलं नाही! कपाळावर ठसठशीत गुलाबी मळवट घेऊन मी वाशीची बस पकडली. शेजारच्या गृहस्थांनी अदबीने सरकून जागा दिली.

"अभिनंदन साहेब! कुठल्या वॉर्डातून निवडून आलात?"

दिवसभराच्या थकव्याने माझं डोकं चालत नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, "आजारी वॉर्डातून."

गृहस्थ ताडकन उठले आणि दारापाशी जाऊन लोंबकळले. पुढच्या बाईंनी नाकाला ओढणी लावली. कंडक्टरने तिकीट लांबूनच टाकलं. वाशीपर्यंत दोघांच्या सीटवर मी एकटा ऐसपैस बसून आलो!