रिकाम्या खुर्च्यांची मोहीम

हुजूर, एका फोटोच्या भरवशावर आपण वाचनालयास टाळे घालण्याचा हुकूम काढलात, ही आपणावर उघड तोहमत; आणि ती शाबीत कैसी जाहली, त्याची ही हकिकत.

वाचनालयाचा रिवाज ऐसा की, वर्तमानपत्रे भिंतीलगतच्या उतरत्या फळ्यांस साखळीने जखडलेली, सबब वाचक मंडळी उभ्यानेच वाचीत आणि मधल्या खुर्च्या सदा रिकाम्या. एके सकाळी निवृत्त कंडक्टरसाहेब, एकाच पत्राचे जन्माचे इमानी चाकर, आपल्या फळीपुढे उभे ठाकले, तो पहिल्याच पानी त्या खुर्च्यांचा फोटो आणि वर मथळा: 'वाचनालय ओस, टाळेच बरे'. साहेबांनी हळहळून मान हलविली, आणि मग शेजारच्या फळीवर मृत्युवार्ता वाचीत उभ्या थोरल्या वहिनीसाहेबांस कळविले की, इथे म्हणे हल्ली कोणी फिरकत नाही.

वहिनीसाहेबांनी चष्मा खाली केला. "भावोजी, मग आपण काय भुतं आहोत?"

"छापून आलंय, वहिनी. उगाच कशाला छापतील?"

"मग या मेलेल्यांत तुमचं नाव शोधू का?"

वार वर्मी बसला. साहेबांनी खुर्च्या पाहिल्या, मग फळ्यांशी उभी पाठमोरी फौज पाहिली, आणि हयातीत प्रथमच आपल्या पत्राचा शक आला. दुपारी त्याच फोटोवर आपला टाळ्याचा हुकूम येऊन थडकला, तेव्हा मसलत होऊन अकरा वाचकांची फौज पत्राच्या कचेरीवर चालून गेली. संपादकांनी फर्माविले की, फोटो अस्सल आहे. आणि तो होताच. मग साहेबांनी फोटोग्राफरास कैद करून, म्हणजे चहा पाजून, वाचनालयात आणिले, त्याच जागी उभे केले आणि खांदे धरून मागे वळविले. समोर वाचकांची रांग. फोटोग्राफर ओशाळला. "मला रिकाम्या खुर्च्याच आणा असं सांगितलं होतं."

ही खबर प्रतिस्पर्धी पत्रास लागली, आणि त्याने तीच रांग अगदी जवळून टिपून छापिली: 'वाचकांचा महापूर'. फौज हर्षे नाचू लागली. साहेब मात्र कुरकुरले. "अकरा माणसांचा कसला महापूर? माझ्या बसच्या दारात याहून जास्त लोंबकळायचे." वहिनीसाहेबांनी दटाविले की, आपल्या बाजूचं आहे, मुकाट गिळा. साहेबांच्या घशाखाली ते उतरले नाही.

त्याच संध्याकाळी हुकूम रद्द जाहला आणि वाचनालय बचावले. मोहीम फत्ते, ऐसे येथे रीतसर नमूद केले असे.

परंतु हुजूर, एका फोटोवर आपण टाळे धाडलेत, दुसऱ्यावर ते माघारी नेलेत. वाचनालय आपल्या कचेरीच्या समोर, रस्ता ओलांडला की दार. एकदा स्वतः येऊन का पाहिले नाहीत? जबाब द्यावा.