नऊशे सत्त्याण्णव आणि शेवटचं साळिंदर

एका जंगलात, मुलांनो, सिंह साठ वर्षांचा झाला. सिंह इतका जगतो का, असं विचारू नका. आसनावर असला की जगतो.

सत्काराचं ठरलं. ज्येष्ठांची समिती बसली. हुकूम निघाला : सगळ्यांनी सारख्या रांगांत उभं राहायचं. जो उरेल तो जादा. जादा तो जंगलाबाहेर.

मोजणी झाली. नऊशे सत्त्याण्णव.

"दोनदोनच्या रांगा करा," हत्तीआजोबा म्हणाले.

एक उरला. साळिंदर. ते बिचारं हळू चालायचं, म्हणून कायम शेवटी.

"तीनतीनच्या!" अस्वलकाका गुरगुरले.

पुन्हा साळिंदर. पाचपाचच्या केल्या, दोघे उरले. सातसातच्या केल्या, तिघे. साळिंदर प्रत्येक वेळी होतंच. त्याचे काटे भीतीनं उभे राहिले.

एकतीसएकतीसच्या रांगाही जमेनात, तेव्हा टिटवी ओरडली, "थांबवा आता! ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. साळिंदराची काय चूक?"

"अजून नऊशे पासष्ट प्रकार बाकी आहेत," हत्तीआजोबा म्हणाले.

"एकतिसापर्यंत भाग गेला नाही म्हणजे पुढेही जाणार नाही. बत्तीस गुणिले बत्तीस एक हजार चोवीस होतात, आपल्यापेक्षा जास्त, आजोबा!"

"आमच्या काळी सगळ्या संख्यांना भाग जायचा. संस्कार होते. साळिंदरा, नीघ तू."

साळिंदर हद्दीवरच्या नदीकडे वळलं. मागे त्याचं बीळ होतं. बिळात जपून ठेवलेले कंद होते.

"महाराज," टिटवीनं विचारलं, "तुम्ही कोणत्या रांगेत?"

"मी? मी कातळावर बसणार! सत्कार माझा आहे."

"पण मोजणीत आहात ना?"

"म्हणजे काय! पहिला मीच."

"मग उरलेले तुम्हीच की."

मग बाकीचे नऊशे शहाण्णव भराभर उभे राहिले. त्र्याऐंशीच्या बारा रांगा, अगदी सुरेख. साळिंदर जमेल तितकं धावत आलं आणि शेवटच्या जागी उभं राहिलं. पहिल्यांदाच ते कुठंतरी बसत होतं.

समितीनं तिथल्या तिथं निकाल दिला. महाराज उरत नसतात, महाराज असतात. नियम कायम, फक्त महाराजांना लागू नाही. आणि मोठ्यांसमोर पाढे म्हणते म्हणून टिटवी जंगलाबाहेर.

टिटवी नदीपार उडाली. रांगेत एक जागा रिकामी झाली. पुन्हा मोजणी. नऊशे पंच्याण्णव.

"दोनदोनच्या करा," हत्तीआजोबा म्हणाले.

एक उरला. साळिंदर.

"अहो, पाचपाचच्या करा!" टिटवी पलीकडच्या काठावरून ओरडली. "एकही उरणार नाही!"

ते सगळ्यांना ऐकू गेलं. समितीनं एकमेकांकडे पाहिलं.

"पाच सोडून बाकी सगळं करून पाहू," अस्वलकाका म्हणाले. "पाच तिनं सांगितलंय."

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांना नेहमी चुकीचं उत्तर सांगावं. म्हणजे निदान बरोबर उत्तर वापरायला ते मोकळे राहतात.