आबांचं परमिट

बुधवारी आणि शनिवारी दुपारचे चार वाजले की आमच्या घराच्या दाराला एक लाल पत्र्याची पाटी लागते. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'माणसे काम करीत आहेत. स्विच लावू नये.' सुरुवातीला खाली नाव असायचं, पूजा. म्हणजे मी. आता खरं सांगायचं तर त्या वेळी घरात कुणीच काम करत नसतं, आणि मी तर नाहीच नाही. मी स्कूटर घेऊन खोपोलीतून कर्जत रस्त्याला लागलेली असते, नाहीतर पळसदरीच्या पुढे एका टपरीवर भजी खात बसलेली असते. मध्यंतरी एक कुरिअरवाला आला आणि पाटी वाचून फाटकातूनच ओरडला, "ताई, बेलमध्ये करंट उतरलाय काय?" त्यानं पार्सल कुंडीवर ठेवलं आणि पळ काढला.

ही पाटी लावणारे गृहस्थ म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. उभा जन्म त्यांनी इथल्या वीजघरात ऑपरेटर म्हणून काढला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ते वीजघरातून बाहेर पडले तरी वीजघर काही त्यांच्यातून बाहेर पडलेलं नाही. गॅसचा सिलिंडर बदलला की ते 'चेंजओव्हर झाला' म्हणतात. मी पंखा पुसायला स्टुलावर चढले की ते स्विचबोर्डापाशी पहाऱ्याला उभे राहतात. फोन वाजू दे, दारात कुणी येऊ दे, मी खाली उतरेपर्यंत हलत नाहीत. आंघोळीला जातानासुद्धा मला रीतसर चार्ज देतात. "कुकरला दोन शिट्ट्या झाल्या, दूध उतू जायच्या बेतात हाय, दारात कोण नाय. घेतला काय चार्ज?" घेतला म्हटल्याशिवाय न्हाणीघराचं दार लागत नाही.

मी घाटावरची, तळेगावची. आमच्याकडे बोलायला कुणी लाजत नाही. आबा मात्र जुन्या वळणाचे. जुई झाली तेव्हा त्यांच्यापुढे मोठाच पेच पडला. नात रडतेय, तिला भूक लागलीय, हे सुनेला सांगायचं कसं? पाजायला घे, हे शब्द काही त्यांच्या तोंडून फुटेनात. मग ते खोलीबाहेर उभे राहून दोनदा खाकरायचे आणि म्हणायचे, "पूजा गं, डिमांड आला." पहिल्या दिवशी मला वाटलं, लाईट बिलाचं काहीतरी असेल. माझा नवरा निलेश पोट धरून हसला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून अंगावरचं दूध म्हणजे 'मेन सप्लाय' आणि माझं जेवण म्हणजे 'मेंटेनन्स'. अळिवाचा लाडू मी अर्धा टाकला तर आबा भिंतीकडे बघत म्हणायचे, "मेंटेनन्समध्ये कसूर नको."

जुई चार महिन्यांची झाली आणि माझं डोकं फिरायला लागलं. पोरीवर जीव होता, दूधही भरपूर होतं, तक्रार अशी काहीच नव्हती. पण दर दोन तासांनी खाली बसायचं आणि मधल्या वेळात तिचे कपडे धुवायचे, यात मी चार महिने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. टाके काढायला आणि जुईला सुई टोचून घ्यायला गेले तेवढंच. एक दिवस गवार निवडता निवडता मला रडू कोसळलं. गवारीनं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

वनिताताई तेव्हा आलेल्या होत्या. निलेशच्या या मोठ्या बहिणीला शीळफाट्याला दिलंय, त्यामुळं दर दोन दिवसांनी त्यांची फेरी असते. स्वभावानं प्रेमळ, फक्त जगातल्या प्रत्येक बाळाचं त्यांना कळतं. मी म्हटलं, "ताई, मला आठवड्यातनं दोनदा दोन तास एकटीनं बाहेर जायचंय."

"कशाला?"

"कशालाच नाही."

"म्हणजे? नोकरी धरतेस काय?"

इथं गंमत अशी आहे की बाई नोकरीला निघाली तर लोक हळहळत का होईना, पण जाऊ देतात. बाई नुसतीच फिरायला निघाली की सगळ्यांना घाम फुटतो. मी नोकरीचं काहीतरी खोटं सांगणार होते, तेवढ्यात पेपरामागून आवाज आला.

"मशीनला शटडाऊन लागतो."

आम्ही दोघी बघत राहिलो. आबांनी पेपर खाली घेतला नाही. "बिघडली म्हनूनच लागतो असं नाय. चांगली चालते, ती चांगलीच चालावी म्हनून लागतो."

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी काही मोठं प्रकरण केलं नाही. बाकी वेळ अंगावर पाज, बाहेर जाशील तेव्हा काढून ठेवलेलं दूध बाटलीनं द्या, कधी कमी पडलं तर पावडरचं चालेल, दोन्ही जोडीनं जमतं, असं म्हणाल्या. वनिताताईंना ते पटलं नाही. बाटलीची चटक लागली की पोर आईला विसरतं, हे त्यांचं ठाम मत. आबा म्हणाले, "दोन सेट असले म्हनून पहिला बंद पडत नाय." आणि त्या दिवसापासून बाटलीचं नाव 'स्टँडबाय' पडलं.

पण जुईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बाटली तोंडाला लावली की ती जिभेनं बाहेर ढकलायची आणि माझ्या गाऊनकडे तोंड वळवून आकांत करायची. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी आबांनी हात पुढं केला. "तू समोर नको. मेन चालू दिसतोय, मग स्टँडबायवर लोड घेईल कोण?" मला मागच्या अंगणात घालवलं आणि स्वतः मांडी घालून बसले. रोज चार वाजता दहा मिनिटांची ट्रायल. बाटली उकळणार ते, दूध गरम पाण्यात धरणार ते, मनगटावर थेंब टाकून बघणार ते. पहिल्या दिवशी तिनं सगळं त्यांच्या चष्म्यावर उडवलं. आठवड्याभरात चोखायला लागली.

याच काळात निलेशनं तो पराक्रम केला. तो कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून आला, फ्रीज उघडला, समोर बाटली दिसली आणि त्या दुधाचा चहा करून प्याला. वर मला म्हणतो, "आज चहाला जरा गोडसर चव होती." मी अर्धा तास पंप धरून ते काढलं होतं. मला हसावं की त्याला बदडावं कळेना. आबांनी मात्र चौकशी बसवली. कुणी उघडला, किती वाजता उघडला, बघितलं का नाही. निष्कर्ष असा निघाला की चूक माणसाची नसून पाटी नसल्याची आहे. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढली आणि तळातून ती लाल पाटी वर आणली. वीजघरातल्या मोडीत काढलेल्या सामानातली, साहेबाला विचारून आणलेली, नावाच्या जागी चिकटपट्टी लावलेली.

फ्रीजला ती एकच दिवस होती. दुसऱ्या दिवशी बुधवार. मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात घुटमळत होते. जाऊ की नको, जाऊ की नको. आबांनी पाटी माझ्या हातात दिली. नावाच्या जागच्या चिकटपट्टीवर आता पेननं माझं नाव घातलेलं होतं.

"लायनीवर काम करायला जो जातो, तो परमिट घेतो, आपल्या हातानं पाटी लावून जातो," ते म्हणाले. "आनि आला की आपल्या हातानं काढतो, परमिट बंद करतो. मधी कोण हात लावनार नाय. साहेब आला तरी नाय. त्याचा जीव त्या पाटीवर असतो."

"आणि रडली तर?"

"रडंल. मी हाय."

मी पाटी खिळ्याला अडकवली आणि गेले. पहिल्या वेळी पळसदरीपर्यंत पोचून भजी न खाताच परत आले. दुसऱ्या वेळी अर्धी प्लेट. पुढं सवय झाली. रस्त्याच्या कडेला ठाकर बायका करवंदं घेऊन बसतात, तो एक द्रोण घेऊन मी सगळा एकटीनं खायची. कुणाला देणं नाही, कुणाची वाट बघणं नाही. घरी आल्यावर जुईला जवळ घ्यायची तेव्हा माझीच मला नव्यानं ओळख पटायची. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगत नव्हते, आज सांगते.

मग तो शनिवार आला. दिवसभर उकडत होतं, जुई किरकिरी होती, आणि वनिताताई घरी होत्या. मी पाटी लावून निघाले. परत आले तर फाटकापासूनच तिचा आवाज ऐकू येत होता. साधं रडणं नव्हतं, घसा बसेपर्यंत रडून झालेलं होतं. ब्लाऊज भिजला. मनात म्हटलं, संपलं. आता पुन्हा म्हणून कुठं जायचं नाही. पाटीला हात घातला, एवढ्यात आतून वनिताताईंचा आवाज आला.

"तासभर रडते पोर, आबा. फोन करा नाही तर मी करते."

"पाटी कोणाची हाय?"

"चुलीत घाला ती पाटी. आमची आई असती तर अशी बाटली टाकून गेली नसती."

जुईचं रडणं चालूच होतं. मग आबा बोलले, आणि इतक्या हळू बोलले की मी दारापाशीच थबकले.

"गेली नाय, ते खरं. तू चार म्हयन्याची होतीस. तुज्या मावशीची हळद होती. तुजी आय धवले म्हनायची, लग्नाची गानी, पंचक्रोशीत तिच्यासारखा गळा नव्हता. ती मला बोलली, दोन तास जाऊन येते. मी बोललो, पोरीला पाजील कोन, मी? सख्ख्या बहिनीची हळद तिच्याबिगर झाली. पुना तिनं कदी इचारलं नाय. हळद नाय, जत्रा नाय. धवले म्हनली ती सैपाकघरात, भांडी घासताना."

आणि मग आबा गायला लागले. म्हणजे त्याला गाणं म्हणायचं तर म्हणा. आवाज जाड, सूर कुठल्या कुठे, आणि ही बायकांची गाणी, बाप्या माणसं ती कधी तोंडात घेत नाहीत. पण शब्द एकही चुकत नव्हता. मी दार लोटलं. आबा खोलीत येरझाऱ्या घालत होते, अंगात बनियन, बनियनवर माझी सकाळची न धुतलेली गुलाबी ओढणी आडवी बांधलेली, माझा वास यावा म्हणून, आणि तिच्यात जुई. ती हुंदके देत देत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाटली तिच्या तोंडात होती आणि ती चोखत होती.

मला बघून ते गायचे थांबले. "परमिट बंद कर आदी," म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाटी माझ्या हातातच आहे. घामेजल्या हातानं मी ती इतकी घट्ट धरली होती की माझ्या नावाची चिकटपट्टी सुटून लोंबत होती. खाली जुन्या पांढऱ्या रंगात, ब्रशनं नीट काढलेलं नाव होतं. सुमन.

सुमन माझ्या सासूबाई. मी या घरात यायच्या आधीच त्या गेल्या. मी त्यांना फोटोतच बघितलंय.

"आबा, हे?"

त्यांनी जुईला माझ्याकडे दिलं, ओढणीची गाठ सोडली, घडी घातली. त्याला बराच वेळ लावला. "हळद झाली त्याच आठवड्यात तिचं नाव घालून आनली होती," ते म्हणाले. "मनात होतं, पुना इचारील तवा देईन. मी तिच्या इचारायची वाट बघत बसलो." मग चष्मा पुसत न्हाणीघराकडे गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते चार्ज न देता गेले.

वनिताताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी जुईला पाजायला घेतलं. ती लगेच लागली, बाटली प्यालेली असूनही, जसं काही झालंच नव्हतं.

बुधवारी चार वाजता मी पाटी घेतली आणि चिकटपट्टीचा राहिलेला तुकडा नखानं खरवडून काढून टाकला. आबा बाटली मनगटावर तपासत होते. मी पाटी खिळ्याला अडकवली. त्यांनी मान वर केली, नाव वाचलं, आणि पुन्हा मनगटाकडे बघायला लागले.

"दोन तासांत येते, आबा."

"दोन नको," ते म्हणाले. "आज तीन तास घे."